नवा टायर, पण चार वर्षांचा

जून २०२३मध्ये पावसाच्या तोंडावर स्विफ्टचे पुढचे दोन टायर बदलले. काळे कुळकुळीत, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केसही शाबूत. तीन आठवड्यांनी गाडी धुताना खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या.

टायरच्या बाहेरच्या अंगावर 'डॉट' (DOT) या खुणेपुढची अक्षरं होती, पण टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगणारे शेवटचे चार आकडे नव्हते. ते बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि माझ्या टायरवर ती बाजू नेमकी आत गेली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मोबाईलच्या उजेडात त्या जागेवर खडू घासला तेव्हा वाचता आलं: १११९. म्हणजे २०१९चा अकरावा आठवडा!

दुकानदार म्हणाला, "साहेब, वापरलेला नाही म्हणजे नवाच की." रबर गोदामातही म्हातारं होतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. बिल आणि फोटो पुढे ठेवल्यावर बदलून द्यायला तयार झाला, पण काढले १७५/७० आर१४ मापाचे.

माझ्या गाडीला १६५/८० आर१४ लागतात. रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२; रिम १४ इंची. हिशेब केला तर त्याच्या टायरचा व्यास १९ मिलिमीटरने कमी भरला. स्पीडोमीटरने खरा वेग तीनेक टक्के वाढवून दाखवला असता, शिवाय मागचे दोन वेगळेच. नको म्हटलं.

दोन दिवसांनी योग्य मापाचे आले. मापापुढे लिहिलेलं ८५टी तपासलं: एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो भार, वेग ताशी १९० किलोमीटरपर्यंत. तारीख १८२३. ती मात्र बसवण्याआधीच वाचली, आणि ती बाजू बाहेर ठेवायला लावली.