रॅटवर सोशल इंटरॅक्शन टेस्ट लावताय? मग हे आधी वाचा

स्किझोफ्रेनिया म्हटलं की भास-भ्रम आठवतात, पण पेशंट माणसांत मिसळेनासा होतो त्यावर आजची औषधं फारशी चालत नाहीत, म्हणून तर ही टेस्ट.

आधी मॉडेल, म्हणजे रसायन देऊन रॅटमध्ये स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं आणणं. एमके-८०१ या रसायनाचा एक डोस देऊन लगेच टेस्ट घेणं सोपं वाटतं, पण रॅट नुसता पळत सुटतो, गोल गोल फिरतो, तो दुसऱ्याला हुंगणार कधी? मग सोशल टाइम कमी आला तरी त्याला सोशल विथड्रॉवल म्हणता येत नाही. त्यापेक्षा सबक्रॉनिक (काही दिवस सलग दिलेलं) पीसीपी, म्हणजे फेन्सायक्लिडीन, बरं: २ मिग्रॅ प्रति किलो, दिवसातून दोनदा, ७ दिवस, आणि मग किमान ७ दिवस काहीच द्यायचं नाही, म्हणजे टेस्टच्या वेळी अंगात पीसीपी उरलेलं नसतं. पीसीपी एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, त्यामुळे लायसन्स आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी हातात घ्या, यातच महिने जातात.

टेस्ट अशी: आदल्या दिवशी रिकाम्या बॉक्समध्ये सवय करून द्या. मग वेगळ्या पिंजऱ्यातला, जवळपास तेवढ्याच वजनाचा अनोळखी रॅट सोबत सोडा, मंद लाइट ठेवा, १० मिनिटं व्हिडिओ घ्या. हुंगणं, मागे जाणं, अंगावर चढणं, टाळणं हे सेकंदात मोजा, आणि मोजणाऱ्याला ग्रुप माहिती नको. दोन जोड्यांच्या मधे बॉक्स ७० टक्के अल्कोहोलने पुसून नीट वाळू द्या, वास राहिला तर पुढचा रॅट तो वासच हुंगत बसतो.

ग्रुप ठरवताना क्लोझापीन आणि हॅलोपेरिडॉल ही स्किझोफ्रेनियाची औषधं दोन्ही ठेवा. बऱ्याच प्रयोगांत क्लोझापीनने सोशल टाइम परत वाढतो, हॅलोपेरिडॉलने नाही, त्यामुळे तुमचं मॉडेल नीट बसलंय का ते कळतं. पीसीपीऐवजी सलाइन दिलेल्या रॅटना नुसतं औषध देणारा ग्रुप लोक पैसे वाचवायला गाळतात, तो गाळू नका, औषधाने नुसती सुस्ती आली का हे तिथेच दिसतं. क्लोझापीन पातळ अ‍ॅसिडमध्ये विरघळवून पीएच वर आणला असेल तर कंट्रोललाही तेच मिश्रण टोचा, नुसतं सलाइन नाही. आणि लोकोमोटर अ‍ॅक्टिव्हिटी (रॅट किती हालतो-फिरतो) मोजाच मोजा, हॅलोपेरिडॉलवाल्यांची बार टेस्टही (पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवून रॅट किती वेळ तसाच राहतो) घ्या, कारण जो रॅट बारवर हात ठेवून तसाच थिजलाय त्याच्या सोशल स्कोअरला काय अर्थ?

आकडे काढताना जोडीतल्या दोघांना तीच ट्रीटमेंट असेल तर n (नमुन्यांची संख्या) म्हणजे जोड्या, रॅट नाही. १० जोड्या म्हणजे n १०, २० नाही, रिव्ह्यूअर पहिलं तेच बघतो.