बेशुद्ध माणसाला गाणं ऐकवताना या चुका टाळा

निपाणीच्या अलीकडं हायवेवर मामांच्या दुचाकीला ट्रकचा धक्का बसला. डोक्याला मार. तीन आठवड्यांनी डोळे उघडले, पण नजर कुणावर ठरेना. मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, म्हणून आम्ही मोबाईलवर भजनं लावली आणि फोन उशीशी ठेवून दिला. सकाळी सातला सुरू, रात्री दहाला बंद. खानापूर, चिकोडीकडच्या ओळखीच्या घरांतही हेच पाहिलं, म्हणून आमच्या चुका लिहून काढतोय.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गाणं थांबवायचंच नाही. दिवसभर वाजणारं गाणं पंख्याच्या घरघरीसारखं होतं. आपल्याला तरी ते कुठं ऐकू येतं? माणसाला भान आहे का हे बघायचं असेल तर गाणं म्हणजे आपण विचारलेला प्रश्न, आणि विचारून झाल्यावर गप्प बसावं लागतं. आधी दोन मिनिटं टीव्ही बंद, गप्पा बंद. बोटं, भुवया, श्वास कसे चाललेत ते बघायचं. मग दोन-तीन मिनिटं गाणं, मग पुन्हा शांतता. मामांचा डावा अंगठा ठेक्यावर हलतोय म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मग भाच्यानं घड्याळ लावून मोजलं. गाणं नसतानाही अंगठा तेवढाच हलत होता.

दुसरी चूक जाग आणि भान एकच समजण्याची. डोळे उघडले, झोप-जागेचं चक्र सुरू झालं, ही जाग. भान वेगळं. कानाशी झांज वाजली की पापणी लवते, अंग दचकतं. त्याला भान लागत नाही. तळहातात बोट ठेवल्यावर मूठ आवळली जाते तीही अशीच, तान्ह्या बाळासारखी. म्हणून नुसतं ‘दाबा’ म्हणू नका, ‘सोडा’ म्हणून बघा. आणि सांगितल्यावर निदान दहा सेकंद थांबा. आमच्या घरी तेवढा धीर कुणालाच नव्हता. एक म्हणायचा हात उचला, दुसरा लगेच डोळे मिटा, तिसरा मला ओळखलं काय!

अश्रूंचं जरा अवघड आहे. गाणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं की सगळा वॉर्ड हेलावतो, पण डोळे नुसतेही पाझरतात. भजनातल्या ओळखीच्या गजराला रडू किंवा हसू येतं आणि अनोळखी, बिनभावनेच्या आवाजाला येत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर त्याला वजन आहे. 2002 साली ‘किमान भान’ असलेल्या अवस्थेचे निकष ठरले, त्यांत ही गोष्ट धरलेली आहे. म्हणजे आवडतं गाणं एकटं पुरत नाही. त्याच्या जोडीला मुद्दाम एक अनोळखी गाणं किंवा साधा घंटेचा आवाजही हवा.

आता आपल्या मराठी-कानडी सीमाभागातली खास चूक, भाषेची. सिस्टर मायेनं कानडीत म्हणायच्या, ‘कै एत्तरी,’ म्हणजे हात उचला. मामांना बाजारापुरती कानडी येते, पण मेंदूला मार बसल्यावर कुठली भाषा किती शाबूत आहे, कुणी सांगावं? कानडीत हात उचलला नाही म्हणून ‘आज्ञा पाळत नाहीत’ अशी नोंद झाली, तर तिचा खरा अर्थ काय लावायचा? यात सिस्टरांची चूक नाही, आम्हीच सांगायला हवं होतं. मग मामी जवळ बसून म्हणू लागल्या, ‘अहो, हात उचला की हो.’ घरचा आवाज, घरची भाषा, घरचं संबोधन. जिथं घरात कानडीच बोलतात तिथं हेच उलट करायचं, एवढं साधं. गाण्याचंही तसंच: नातवाला आवडतं ते नव्हे, रुग्ण ज्यात रमायचा ते.

काही गोष्टी गाण्याआधी विचाराव्यात. कवटीला मार बसून कानाचं हाड मोडलंय काय? ऐकूच येत नसेल तर सगळा खटाटोप फुकट. झोपेच्या, फिटच्या गोळ्या कधी दिल्या? फिजिओथेरपी होऊन माणूस दमलेला तर नाही? आणि हेडफोन नकोच. आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, मान तिकडं वळते का, तेच तर बघायचं असतं.

एका दिवसावरून निकाल लावू नका. भान येतं-जातं. बेल्जियममधल्या 2009 च्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या एकमतानं ‘भान नाही’ ठरलेल्या 44 जणांपैकी 18 जणांत ठरावीक मोजपट्टीनं तपासल्यावर किमान भान सापडलं. ती मोजपट्टी म्हणजे सीआरएस-आर, 0 ते 23 गुणांची. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा ती वापरावी, असं तज्ज्ञ सुचवतात. संगीतातून भान तपासायची ‘मॅटाडॉक’ नावाची पद्धतही आहे. वेंडी मॅगी आणि सहकाऱ्यांनी ती बसवली. त्यात प्रशिक्षित संगीतोपचारक समोर बसून गातो, रुग्णाच्या श्वासाच्या लयीला धरून. दिसणं, ऐकणं, सांगितलेलं करणं, जागेपण, हे सगळं अनेक बैठकांत नोंदवतो. फोनवर भजन लावणं म्हणजे ही तपासणी नव्हे. आमच्या वहीतल्या नोंदी डॉक्टरांच्या हाती द्यायच्या, निदान त्यांनी करायचं.

वहीत काय लिहायचं, यातही आम्ही चुकलो. ‘आज मामांनी ओळखलं,’ असं पानभर लिहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नको.’ आता असं लिहितो: ‘सकाळी 10.20, गजर सुरू, मान उजवीकडं, 4 सेकंद. गजर बंद, हालचाल नाही.’

काहीच दिसलं नाही तर? 2024 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सांगितलेलं करताना वरून दिसत नसलेले 241 जण होते. त्यांतल्या 60 जणांच्या मेंदूत, सांगितलेलं मनात करत असल्याच्या खुणा स्कॅन किंवा ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीत) मिळाल्या. म्हणून मामांच्या खाटेजवळ पखवाजाच्या किमतीची आणि शेताच्या वाटणीची बोलणी आम्ही बंद केली. ती आता व्हरांड्यात होतात.