पाऊस येण्याआधी एकदा झाडाच्या बुंध्याशी बसा

शहरातल्या झाडाचं पान पिवळं पडलं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. माझाही जायचा. एका इमारतीच्या आवारातल्या झाडाला दोन हंगामांत तीन औषधं मारून झाली, तरी पान काही सुधारेना. शेवटी खुरपं घेऊन बुंध्याशी बसलो. वीतभर उकरलं तर विटांचे तुकडे, वाळू, कधीतरी ओतलेल्या सिमेंटच्या पाण्याची कडक पोळी. त्याखाली रोप लहान असताना काठीला बांधलेली नायलॉनची दोरी सालीत पार रुतून बसलेली. झाडाचा गळा आवळला जात होता आणि आम्ही पानांवर औषधं मारत होतो.

तेव्हापासून मी झाड खालून वर बघतो. पाऊस सुरू व्हायला तीन-चार आठवडे असतील, तर या कामाला हीच वेळ बरी. चिखल झाल्यावर माती हलवली की ती आणखी घट्ट बसते.

झाडाचं मूळ जमिनीत खोल खोल जातं असं आपण धरून चालतो. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या 30 ते 45 सेंटिमीटर मातीतच असतात आणि जागा मिळाली तर पानांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरतात. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळीची असते. त्यात पाणीही हवं आणि हवाही, कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. गाड्या उभ्या राहून, माणसं चालून ही पोकळी दबते. त्यावर खोडाला भिडतील असे पेव्हर ब्लॉक बसवले, की झाडाला आपणच झाकण लावलं म्हणायचं.

आता बुंधा पाहा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला मिळताना हत्तीच्या पायासारखा रुंदावतो. तो विजेच्या खांबासारखा सरळ मातीत घुसलेला दिसला, तर वर भर पडली आहे असं समजा. ही भर खुरप्याने आणि हाताने काढा. पहार-कुदळ नको, साल सोलली जाते. भरावात बारीक मुळं वाढली असतील तर सगळी माती एका दिवसात ओढू नका, थोडी थोडी काढा. रुतलेली तार किंवा दोरी निघेल तेवढी कापून काढा. खोडाभोवतीचे पेव्हर निदान मीटरभर मागे सरकवता आले तर फारच उत्तम. तिथे चालणं टळत नसेल तर पाणी मुरेल असा सच्छिद्र थर ठेवा.

मुळांच्या पट्ट्यात खोल खणू नका. वरची चार-पाच सेंटिमीटर माती हलक्या हाताने मोकळी करा, कुजलेलं कंपोस्ट पसरा आणि वर पालापाचोळ्याचं 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचं आच्छादन द्या. बाकीचं काम गांडुळं आणि बुरशा करतात. एकच पथ्य आहे, आच्छादन खोडापासून वीतभर लांब हवं. खोडाला टेकवून त्याचा ढीग लावण्याची एक हौस असते. पावसात तिथे साल सतत ओली राहते आणि कुजते. रोगट पानं तेवढी वेगळी काढा, बाकीचा पाला बाहेर फेकू नका आणि जाळू तर नकाच.

पान पिवळं दिसलं तर आधी कुठलं पान ते बघा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोहाची उणीव समजावी. शहरात हे फार दिसतं. सिमेंट, प्लास्टर, राडारोडा यांतल्या चुन्यामुळे मातीचा सामू (pH) चढतो आणि मातीत असलेलं लोहसुद्धा झाडाला घेता येत नाही. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. राडारोडा काढा, सेंद्रिय खत वाढवा. तातडी असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या.

पानं माना टाकतात तेव्हाही तसंच. लगेच पाइप सोडू नका. बोटभर खोल माती चाचपून पाहा. माती ओली असून झाड सुकत असेल तर मुळं गुदमरली आहेत किंवा कुजताहेत, त्यात आणखी पाणी म्हणजे विषच. कुंडीत तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, हाही असाच एक पक्का बसलेला गैरसमज. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहज उतरत नाही, उलट थराच्या वर अडून राहतं. भोकं मोकळी ठेवा, मिश्रण भुसभुशीत ठेवा, एवढं पुरतं.

छाटणी पावसाआधी करायची ती वाळलेल्या, मोडक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांची. जड फांदी एका घावात तोडली तर खाली येताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप घ्या, मग त्याच्या थोडं बाहेर वरून कापून वजन उतरवा आणि शेवटी उरलेला खुंट काढा. हा शेवटचा काप फांदीच्या मुळाशी दिसणाऱ्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. ते कडं राखलं की झाड स्वतःच जखम बंद करतं. अमेरिकी वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हेच दाखवलं: झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं. जखमेवर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही. आणि झाडाचा शेंडा उडवून त्याला मुंडकं नसलेलं करणं याला मी छाटणी म्हणत नाही. त्यातून फुटणारे धुमारे वरवरच चिकटलेले असतात, पुढच्या वादळात तेच आधी पडतात. एका हंगामात पाव भागापेक्षा जास्त पालवी काढू नका. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी परवानगी लागते का, तेही विचारून घ्या.

किडींचं थोडक्यात सांगतो. पानं चिकट आणि काजळी धरल्यासारखी काळी झाली तर वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. काजळी त्यांच्या गोड स्रावावर वाढते, त्यामुळे नुसतं बुरशीनाशक मारणं व्यर्थ. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण मुंग्या या किडींची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. मग पाण्याचा जोरदार फवारा, त्यानेही न भागल्यास 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूने. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा.

नवी लागवड करणार असाल तर खड्डा रुंद करा, खोल नको. रुंदी मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट आणि खोली गोळ्याइतकीच. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं लावतानाच सोडवा किंवा कापा, नाहीतर मोठी झाल्यावर तीच फास बनतात. आधाराची काठी वर्षभरात काढून टाका. आणि सगळीकडे एकच जात लावू नका. अमेरिकेत रस्त्याकडेच्या एल्म झाडांच्या रांगाच्या रांगा रोगाने गेल्या, त्यांच्या जागी अ‍ॅश जातीची झाडं लावली आणि 2002 मध्ये अ‍ॅशच्या भुंगेऱ्याचा उपद्रव उघड झाला.

पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर पुन्हा एक फेरी मारा. बुंध्याशी भूछत्रं किंवा फळीसारखी कडक बुरशी उगवली असेल, झाड कललेलं वाटत असेल आणि कललेल्या दिशेच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसत असेल, तर खाली कोणाला थांबू देऊ नका, गाड्या हलवा आणि जाणकाराला त्याच दिवशी बोलवा.