सोसायटीतील सामूहिक भाजीबाग: हस्ताच्या पावसापासून दिवाळीपर्यंतची कामे

परतीचा पाऊस ओसरू लागला की पुणे परिसरातील गृहनिर्माण संस्थांना सामूहिक भाजीबाग सुरू करण्यास वर्षातील सर्वांत अनुकूल काळ मिळतो. जमिनीत ओल असते, तण पावसाळ्याइतके माजत नाही आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा या कमी दिवसांच्या भाज्यांना पुढची थंडी मानवते. जागा सामाईक असल्याने कुदळ हाती घेण्यापूर्वी संस्थेचा लेखी ठराव अवश्य करून घ्यावा.

जागा निवडताना केवळ आजचे ऊन पाहू नये. मे महिन्यात पुण्यात माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे इमारतीच्या उत्तरेकडील पट्टीलाही भरपूर ऊन मिळते; डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून साधारण 48 अंशांपर्यंतच चढतो आणि 21 मीटर उंचीच्या, म्हणजे सुमारे सात मजली इमारतीची सावली उत्तरेला जवळपास 19 मीटरपर्यंत जाते. म्हणून वाफे शक्यतो इमारतीच्या दक्षिणेला घ्यावेत. पालेभाज्यांचे चार तासांच्या उन्हावर भागते, टोमॅटो आणि वांग्याला मात्र सहा तास हवेत. सावली आड येते म्हणून झाडे परस्पर तोडू नयेत. नागरी भागात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यासाठी परवानगी लागते.

सोसायटीच्या आवारातील माती ही बहुधा माती नसतेच. वरच्या चार बोटे थराखाली मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा निघतो. फूटभर खोल खड्डा घेऊन त्यात बादलीभर पाणी ओतावे. तासाभराने पाणी तसेच साचलेले दिसले, तर खाली खोदण्याच्या भानगडीत न पडता वर गादीवाफे करावेत. वाफा तीन फुटांहून रुंद नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि कोणी आत पाय ठेवत नाही. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच, फळभाज्यांना किमान फूटभर मातीचा थर द्यावा.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, अशी अपेक्षा ठेवली होती. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी खताचे हौद आधीपासूनच असतात. हे खत मुठीत घेऊन पाहावे. ते गार लागले, हाताला चिकटले नाही आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तरच वाफ्यात घालावे. ऊबदार, आंबूस खताने कोवळी मुळे करपतात. खत तयार नसेल तर या हंगामापुरते चांगले कुजलेले शेणखत आणणे बरे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये.

पेरणी सगळी एकाच दिवशी करू नये. मेथी महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबिरीला पाच-सहा आठवडे लागतात; दर दहा दिवसांनी एक वाफा पेरला तर भाजी टप्प्याटप्प्याने मिळत राहते. धने हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत, अखंड धने उगवायला फार वेळ लावतात. वांग्यात आपला मांजरी गोटा आवर्जून लावावा. पहिल्या वर्षी पाच-सहा वाफ्यांपलीकडे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरी कसोटी दिवाळीत लागते. आमच्या बागेत पहिल्या वर्षी सणाच्या आठवडाभर आधी पेरणी झाली आणि सगळी कुटुंबे गावी निघून गेली, कारण पाणी कोण घालणार हे कोणी ठरवलेच नव्हते. परतलो तेव्हा वाफ्यांना भेगा पडल्या होत्या आणि बोटभर मेथी पिवळी पडून आडवी झाली होती. एकच वाफा हिरवा राहिला. शेजारच्या काकूंनी मेथीच्या ओळींमध्ये वाळलेला पालापाचोळा दोन इंच जाड अंथरून ठेवला होता. तेव्हापासून प्रत्येक वाफा दोन कुटुंबांकडे असतो, एकाकडेही नाही आणि सगळ्यांकडेही नाही. दिवाळीच्या पंधरा दिवसांतल्या पाण्याच्या पाळ्या पेरणीआधी फलकावर लिहिल्या जातात आणि पाळी सांभाळणाऱ्याला त्या आठवड्याचा वाटा मोठा मिळतो.

रोपे कोलमडू लागली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेले असते. पाणी सकाळीच द्यावे आणि वरची माती सुकू द्यावी. मावा ही कीड दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारावे.

काढणीचा वार ठरलेला असावा आणि वाटे सर्वांसमोर पडावेत. पालक मुळासकट उपटू नये. जमिनीपासून दोन बोटे वर विळ्याने कापावा, मधला कोंब राखावा आणि लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत त्याच वाफ्यातून पुन्हा जुड्या निघतात.