स्टार्टअपच्या मेळाव्याला जाताना फोन कसा सज्ज ठेवावा

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संपर्कयादी उघडावी, तर तीन नवी नावे दिसतात आणि त्यांपैकी दोन कोणाची हे काही केल्या आठवत नाही. नवउद्योजकांच्या भेटीगाठींना नियमाने जाणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव असतो आणि बहुतेक जण त्याचा दोष स्वतःच्या स्मरणशक्तीला देतात. माझ्या मते दोष स्मरणशक्तीचा कमी आणि तयारीचा अधिक असतो. फोनने खरे काम मेळाव्याच्या आदल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी करायचे असते. प्रत्यक्ष गप्पांच्या वेळी तो एका ओळखीमागे एकदाच खिशातून बाहेर यावा, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

पहिले काम म्हणजे स्वतःचा क्यूआर कोड तयार करणे. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी विकसित केला, आणि तो अमुक एका संकेतस्थळाशी जोडलेलाच असला पाहिजे असे मुळीच नाही. त्यात साधा मजकूर थेट साठवता येतो. म्हणून नाव, दूरध्वनी क्रमांक, ईमेल आणि कंपनीचे नाव एवढी माहिती व्हीकार्ड या स्वरूपात कोडमध्येच भरावी, म्हणजे समोरच्याने कॅमेरा रोखताच ‘संपर्क जतन करा’ असा पर्याय त्याच्या पडद्यावर येतो आणि सभागृहात नेटवर्क नसले तरी काही अडत नाही. माहिती जितकी वाढवाल तितके कोडमधील चौकोन बारीक आणि दाट होतात व कॅमेऱ्याला ते ओळखायला वेळ लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. पत्ता, घोषवाक्य, पाच समाजमाध्यमांचे दुवे असे सारे त्यात कोंबण्याचा मोह टाळावा. देवनागरीत नाव लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे: यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘योगेश’ हे नाव आपल्या लिपीत पंधरा बाइट व्यापते, तर रोमन लिपीत सहा. नाव देवनागरीत अवश्य ठेवावे, बाकीचा मजकूर आटोपशीर असावा, आणि तयार झालेला कोड निदान दोन वेगवेगळ्या बनावटीच्या फोनवर तपासून पाहावा.

हा तपासण्याचा सल्ला मी अनुभवाने देत आहे. एका फुकट सेवेतून मी ‘बदलता येणारा’ कोड बनवून घेतला होता. अशा कोडमध्ये आपली माहिती नसतेच. त्यात त्या सेवेच्या सर्व्हरचा पत्ता असतो आणि तो सर्व्हर वाचणाऱ्याला पुढे पाठवतो. फुकटची मुदत संपल्याचे मला कळले ते एका गुंतवणूकदाराने माझा कोड वाचल्यावर त्याच्या पडद्यावर माझ्या नावाऐवजी वर्गणी भरण्याचे आवाहन झळकले तेव्हा. थेट माहिती साठवणारा कोड असा दगा देत नाही. क्रमांक बदलला तर तो नव्याने बनवावा लागतो एवढाच त्याचा तोटा.

कोडचे चित्र लॉक स्क्रीनवर किंवा होम स्क्रीनवरील पहिल्याच फोल्डरमध्ये ठेवावे. गॅलरीत दोन हजार छायाचित्रांमधून ते शोधताना समोरचा माणूस नुसता उभा राहतो आणि गप्पांचा ओघ तुटतो. चित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे असू द्यावे, कारण उलट्या रंगांचा कोड काही स्कॅनरना वाचता येत नाही. भोवती पांढरी कडाही पुरेशी सोडावी. कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याच्या चार पातळ्या असतात आणि त्यांनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. फोनच्या स्वच्छ पडद्यासाठी दुसरी पातळी पुरते. छापील व्हिजिटिंग कार्डावर मध्यभागी बोधचिन्ह बसवायचे असेल तरच सर्वांत वरची निवडावी.

आता बॅटरीकडे वळू. मेळावे बहुधा संध्याकाळी असतात आणि त्याआधी फोनने शहराचा अख्खा दिवस सोसलेला असतो. उन्हात पडदा वाचता यावा म्हणून प्रखरता वाढते, नकाशा तासन्‌तास चालू राहतो, आणि ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ते म्हणजे क्षीण सिग्नल: भुयारी रेल्वेत, तळघरातील वाहनतळात किंवा जाड काँक्रीटच्या इमारतीत फोन मनोऱ्याशी संपर्क राखण्यासाठी अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो किंवा सतत शोध घेत राहतो. बोगद्यातला प्रवास लांबचा असेल तर तेवढ्यापुरता फ्लाइट मोड लावणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. दुपारी अर्धा तास मिळाला तर फोन ८५ वरून १०० टक्क्यांवर नेण्यासाठी तो खर्च करू नये. लिथियम-आयन बॅटरी रिकामी असताना झपाट्याने भरते आणि ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचली की तिचा वेग मंदावतो, त्यामुळे तोच अर्धा तास २० टक्क्यांवर असताना कितीतरी अधिक फळ देतो. पॉवर बँकेवरील आकड्यानेही फसू नये. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील सेलच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबावर मोजलेला असतो, म्हणजे प्रत्यक्ष साठा ३७ वॅट-तासांचा. तो पाच व्होल्टवर चढवताना आणि फोनमध्ये पुन्हा उतरवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. ५,००० मिलिअँपिअर-तासांचा फोन त्यातून बरोबर दोनदा भरेल असे धरून चालू नये. शिवाय केबल स्वतःची न्यावी. ‘चार्जर आहे का हो?’ हा संभाषणाचा आरंभ म्हणून वाईट नाही, पण संध्याकाळभर भिंतीजवळच्या सॉकेटशी जखडून राहावे लागते.

पत्त्याबाबत फार लिहिण्याचे कारण नाही: उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि निळा ठिपका पलीकडच्या रस्त्यावर दिसू लागतो, तेव्हा प्रवेशद्वार कोणत्या बाजूला आहे आणि मजला कितवा हे आयोजकाच्या संदेशातून आधीच टिपून घ्यावे.

सभागृहात शिरल्यावर फोन खिशात आणि आवाज बंद असावा. उभे कुठे राहावे याचा विचार करावा, कारण गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ साली ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रत्येक जण आवाज चढवतो, म्हणून गोंगाट वाढतो, म्हणून प्रत्येक जण आणखी चढवतो. ध्वनिक्षेपकापासून व दारापासून दूर, पडदे किंवा गालिचा असलेल्या कोपऱ्याकडे सरकावे, म्हणजे समोरच्याचे आडनाव तीनदा विचारावे लागत नाही.

संभाषण संपत आले की मगच कोड दाखवावा. भेटताक्षणी फोन पुढे करणारा माणूस कार्डे गोळा करायला आला आहे, असे निदान मला तरी वाटते. शक्य तर समोरच्याचाही कोड तिथेच वाचून घ्यावा आणि निरोप घेऊन दोन पावले बाजूला झाल्यावर, पुढच्या ओळखीला जाण्याआधी, त्या संपर्काच्या टिपणाच्या रकान्यात एक ओळ लिहावी. ही ओळ म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. ‘चांगली भेट, हुशार वाटला’ असे लिहून काही साधत नाही. माझ्या यादीतील एक नोंद अशी आहे: ‘लसींच्या पेटीचे तापमान मोजणारा सेन्सर, पहिला ग्राहक मिळेना, रुग्णालयाच्या खरेदी विभागात ओळख करून देतो म्हणालो.’ तिच्यात काम आहे, अडचण आहे आणि आपण तोंडून काढलेला शब्द आहे. टंकायला अवघड जात असेल तर बाहेर जाऊन बोलून लिहावे. गर्दीत आवाजावरून लिहिणारी सोय शब्दांचे काहीच्या बाही करते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संदेश जावा. पहिल्या वाक्यात कालच्या बोलण्यातील ओळखीची खूण, दुसऱ्यात आपण कबूल केलेली गोष्ट, आणि बस्स: ‘काल लसींच्या पेट्यांबद्दल बोलणे झाले. खरेदी विभागातील माझ्या परिचितांना आज विचारतो आणि त्यांची हरकत नसेल तर दोघांची गाठ घालून देतो.’ सादरीकरणाची फाइल न मागता जोडू नये. ज्याची ओळख करून द्यायची त्याची संमती आधी घ्यावी. त्याचा क्रमांक परस्पर देणे हे दोन्ही बाजूंना अवघडवणारे असते. आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला लिहिण्याचा कंटाळा करू नये, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले होते की नोकरीची खबर अनेकांना जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जिवलगांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते.

शेवटी फोनमध्ये दोन आठवड्यांनंतरची एक आठवण लावून ठेवावी आणि त्या दिवशी टिपणांवरून नजर फिरवावी. कबूल केलेली ओळख जमून आली नसेल, तर तसे दोन ओळींत कळवावे, म्हणजे समोरचा वाट पाहत बसत नाही. आणि मगच संपर्काच्या नोंदीतून तो शब्द खोडावा.