वास गेला म्हणजे गळती थांबली? नाक, डोळे, जिभेच्या बाबतीत या चुका टाळा

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात बाहेरचा माणूस शिरला की वासानं त्याचं नाक भरून जातं. तिथंच दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला विचारा. तो म्हणेल, "कुठं काय वास येतोय?" त्याचं नाक बिघडलेलं नसतं. एकच वास येत राहिला की नाकातल्या पेशी मेंदूला कळवायचं कमी करतात, आणि मेंदूही तिकडं लक्ष देईनासा होतो. बाकीची इंद्रियंही कमीजास्त प्रमाणात अशीच वागतात. बदल झाला की लगेच कळवतात, तेच ते चालू राहिलं की गप्प होतात.

हे लक्षात न घेतल्यामुळं होणारी सगळ्यात धोक्याची चूक स्वयंपाकघरातली. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. पण दहा-पंधरा मिनिटं त्याच खोलीत थांबलं की हा वासही कमी झाल्यासारखा वाटतो, आणि आपण म्हणतो, "गेला वाटतं." वास कमी वाटला म्हणून गळती थांबली असं कधीच धरू नका. आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळं जमिनीलगत साचून राहतो. उभं राहून हुंगल्यावर काही कळलं नाही, तर खाली काही नाही असं होत नाही.

दुसरी चूक डोळ्यांची. झगमगीत ढाब्यावर जेवून लगेच गाडी काढायची आणि पसरणीच्या अंधाऱ्या घाटाला लागायचं, हे अनेकजण करतात. अंधारात बघणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य उजेडात विरून गेलेलं असतं, ते पूर्ण भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर गाडी सावकाशच चालवा. समोरून कुणी हाय बीम मारला तर त्या दिव्यांकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा.

रात्री अजिंक्यताऱ्यावर मुलांना तारे दाखवायला नेता, तेव्हाही असंच होतं. अंधुक ताऱ्याकडं रोखून बघितलं की तो नाहीसा होतो. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी अंधारात बघणाऱ्या पेशीच नसतात. ताऱ्याच्या जरा बाजूला बघा, तो पुन्हा दिसतो. मोबाइलच्या टॉर्चवर लाल कागद लावा, कारण या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. मुलांना हे जरूर करून बघू द्या, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त समजतं.

भडंग जास्त तिखट लागला की आपण घटाघटा पाणी पितो. पण तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चिकटतं, ते एरवी साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतात. म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा संवेदक शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं पाण्यानं तेवढ्यापुरतंच बरं वाटतं. दूध किंवा दही घ्या, दुधातल्या प्रथिनांनी ते निघून जातं. गरम चहा तर मुळीच नको, आग वाढते.

जिभेच्या टोकाला गोड आणि मागं कडू, हा नकाशा चुकीचा आहे. प्रत्येक चव सगळीकडं लागते. सर्दीत "तोंडाला चव नाही" म्हणून आमटीत मीठ वाढवू नका. तेव्हा जीभ ठीक असते, बंद असतं ते नाक. रक्तदाब असलेल्या आजी-आजोबांच्या ताटात तर आधी हेच बघा. जुना मधुमेह असलेल्यांनी आंघोळीचं पाणी पायानं तपासू नये, तळव्याला भाजल्याचं अनेकदा कळतच नाही.

राहिला कान. मिरवणुकीत डीजेपुढं नाचून आल्यावर कान गुणगुणतात आणि सकाळी थांबतात, म्हणून सगळं ठीक झालं असं समजू नका. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. स्पीकरपासून लांब उभे राहा, इअरप्लग घाला, लहान मुलांना खांद्यावर घेऊन पुढं जाऊ नका. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जा, कारण या दुखण्यावर पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.