स्वतः गाडी चालवत क्रूगर आणि गोल्फ: या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या गोल्फ क्लबातलं कोणी ना कोणी दक्षिण आफ्रिकेचा बेत घेऊन येतं. जोहान्सबर्गला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, ब्लाइड नदीची दरी बघायची, क्रूगर राष्ट्रीय उद्यानात प्राणी बघायचे आणि वाटेत गोल्फ खेळायचं. बेत उत्तमच आहे. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, महामार्ग चांगले आहेत, राष्ट्रीय उद्यानात आपली आपण गाडी फिरवता येते आणि गोल्फची मैदानं अशी की फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या हिरवळीच्या पट्ट्यावर, इम्पाला हरणं चरत असतात. पण कार्यक्रमाचा कागद हातात आला की त्याच त्या चुका पुन्हा दिसतात. दर वेळी तोंडी सांगून थकलो, म्हणून हे लिहितो आहे.

किलोमीटर बघून दिवस आखणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यांची लाडकी चूक. क्रूगर उत्तर-दक्षिण सुमारे ३६० किलोमीटर लांब आहे. क्षेत्रफळ जवळजवळ १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे कोअर-बफर धरून अख्खं ताडोबा त्यात अकरा वेळा मावेल. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. ही मर्यादा कागदावरची नाही. आत वाहतूक पोलीस असतात आणि वेग मोजतात. शिवाय उद्यानाचे आणि आतल्या कॅम्पचे दरवाजे ठरल्या वेळी उघडतात आणि बंद होतात. मे ते जुलै सकाळी ६ ते संध्याकाळी ५.३०. तिकडे ऋतू उलटे, हा त्यांचा हिवाळा. तिथल्या उन्हाळ्यात ही वेळ वाढते, पण अंधार पडल्यावर आपली गाडी रस्त्यावर चालतच नाही.

एका चौकडीची हकिगत सांगतो. पुण्याची मंडळी, त्यातला एक माझा जुना जोडीदार. जुलैत गेले होते. सकाळी उद्यानाच्या दक्षिण भागातल्या स्कुकुझा या मोठ्या कॅम्पच्या मैदानावर अठरा होल, दुपारी उद्यानातूनच उत्तरेला निघून उद्यानाबाहेरचं फालाबोर्वा गाव, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या हान्स मेरेन्स्की मैदानावर टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ. अंतर २१३ किलोमीटर. ‘आपण पुण्याहून साताऱ्याला दोन तासांत जातो, हे चार तासांत आरामात’ असा हिशेब. निघण्याआधी मी सांगितलं होतं की सरळ ५०च्या वेगाने, एकदाही न थांबता, नुसत्या गाडी चालवण्यालाच सव्वाचार तास लागतील. प्राणी बघत जायचं तर ताशी वीस-पंचवीसच्या वर सरासरी पडत नाही. म्हणजे पूर्ण दिवस. पटलं नाही.

स्कुकुझाचं मैदान नऊ होलचं आहे. अठरा खेळायचे तर दोन फेऱ्या. एका ग्रीनच्या कडेला पाणघोडा बाहेर येऊन उभा राहिला म्हणून थांबावं लागलं. जेवण आटपून तीन वाजता निघाले. साटारा कॅम्पच्या अलीकडे रानम्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. दोनशे-तीनशे म्हशींचा कळप सावकाश रस्ता ओलांडतो तेव्हा बघत बसावं असं ते दृश्य असतं. हे लोक घड्याळ बघत बसले. पुढे वेळ भरून काढायला वेग वाढवला, तिथे पोलिसांनी अडवलं आणि दंड झाला. साटाऱ्याच्या दरवाजाशी पोचले तेव्हा तो बंद झाला होता. उशिराचा दंड वेगळा. नशिबाने एक झोपडी रिकामी होती, ती मिळाली. फालाबोर्वाचं हॉटेल बुडालं, सकाळचा टी-टाइम बुडाला, आणि वाटेत कडेच्या झाडीत उभा असलेला सुळेवाला हत्ती चौघांपैकी एकानेच पाहिला, तोही मागे वळून.

मला वाईट वाटलं ते या हत्तीचं. पैसे पुन्हा मिळवता येतात.

माझी पद्धत साधी आहे. टी-टाइम ज्या दिवशी असेल त्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. गोल्फ सकाळी, दुपारी विश्रांती, चारच्या सुमारास जवळच दीड तासाची फेरी. स्कुकुझाला राहिलात तर लेक पॅनिकचं पक्षी बघण्याचं लपण अगदी जवळ आहे. पाणघोडे, मगरी आणि खंड्या बघत तिथे तेवढा वेळ सहज जातो. साबी नदीच्या काठाने लोअर साबी कॅम्पकडे जाणारा रस्ताही तसाच. आणि मुक्काम हलवायचा असेल तेव्हा तो पूर्ण दिवस फक्त रस्त्याचा. सकाळी दरवाजा उघडताना बाहेर पडायचं, कारण सिंह बहुधा त्याच वेळी डांबरी रस्त्यावर असतात. स्कुकुझा ते साटारा एक दिवस, साटारा ते लेटाबा दुसरा, मग फालाबोर्वा. एवढे दिवस नसतील तर एक मैदान कार्यक्रमातून काढून टाका. पाच मैदानं आणि ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) चार दिवसांत उरकायची घाई असलेल्या माणसाला मी आता मदत करत नाही. त्याने प्राणिसंग्रहालयात जावं.

प्राण्यांच्या मैदानावर चेंडूमागे जाणं

स्कुकुझाच्या मैदानाला कुंपण नाही. १९७२ साली उद्यानाच्या कर्मचाऱ्यांसाठी ते तयार झालं, आता पाहुण्यांनाही खेळता येतं. खेळण्याआधी जबाबदारीच्या कागदावर सही करून घेतात. नवखे लोक त्या कागदाचा फोटो काढतात, हसतात आणि विसरतात. हान्स मेरेन्स्की क्रूगरला लागूनच आहे. तिथेही जिराफ, हत्ती येऊन जातात.

हाडाचा गोल्फर चेंडू सोडत नाही, ही आपली खोड. नवीन चेंडू पाण्याच्या काठाला थांबलेला दिसतो आणि माणूस लोखंडी क्लब हातात घेऊन निघतो. पाणघोडा जमिनीवर माणसापेक्षा वेगाने धावतो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे आपण उभे राहिलो तर तो पळायला पाण्याकडेच येतो, म्हणजे आपल्या अंगावर. आणि मगर दिसत नाही, हाच तिचा धोका.

खरं तर यासाठी खेळाच्या नियमांतच सोय आहे. गोल्फचा नियम १६.२ धोकादायक प्राण्यांबद्दलच आहे. चेंडूजवळ असा प्राणी असेल तर होलच्या जवळ न जाता सुरक्षित जागी चेंडू टाकायचा, दंडाचा फटका नाही. चेंडू पेनल्टी एरियात, म्हणजे पाण्यासारख्या आखून दिलेल्या अडथळ्याच्या भागात, असेल तर त्याच एरियात सुरक्षित जागी विनादंड टाकता येतो. बाहेर यायचं असेल तर एक फटका दंड. मूळ चेंडू परत आणावा लागत नाही. वीस वर्षं खेळणाऱ्यांनाही हा नियम माहीत नसतो, कारण आपल्याकडे कधी गरज पडलेली नसते. जाण्याआधी वाचून जा. मी पिशवीत जुने चेंडू घेऊन जातो आणि तिथे पाण्याच्या कडेला गेलेला चेंडू गेलाच असं धरतो.

पहाटेचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा टी-टाइम घेऊ नका. पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात आणि उजाडल्यावर परततात.

हत्तीसमोर गाडी

ताडोब्यात जिप्सी दुसऱ्याची, चालक दुसरा, सोबत गाइड. आपण फक्त बघायचं. क्रूगरमध्ये निर्णय आपल्याला घ्यायचा असतो, आणि इथे आपली माणसं कच्ची पडतात. हत्ती समोरून येताना दिसला की पुढे सरकू नका. गंडस्थळातून मद वाहत असेल, मागचे पाय ओले असतील, तर तो माजावर आहे. त्याला पूर्ण रस्ता द्यायचा, गाडी मागे घ्यायची, शंभर-दोनशे मीटर मागे गेलात तरी हरकत नाही. म्हणून मागे येणाऱ्याने आपल्या बंपरला चिकटून उभं राहू नये आणि आपणही तसं राहू नये. हॉर्न अजिबात नाही. कळपात पिल्लू असेल तर कळप दोन्ही बाजूंना विभागला जाईल अशा ठिकाणी मधे घुसायचं नाही. इंजिन चालू ठेवा. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. सनरूफमधून बाहेर डोकावणंही चालत नाही.

गाडी लहान घेणं

चार माणसं, चार गोल्फच्या पिशव्या, चार सुटकेसा. फॉर्च्युनर बुक केली म्हणजे झालं असं वाटतं. मागची सीट पाडली तरी हे सगळं तिच्यात बसत नाही. चौघांना फोक्सवॅगन कोंबी किंवा ह्युंदाईची मोठी व्हॅन लागते. दोघे असाल तर फॉर्च्युनर चांगली, उंचावरून गवतापलीकडचं दिसतं. आणि सामान झाकलेलं हवं. पेट्रोल पंपावर, दरीच्या वाहनतळावर काचेतून गोल्फची पिशवी दिसणं म्हणजे काच फोडायचं आमंत्रण. टायर आणि काच यांचा विमा वेगळा असतो, तो घ्या. ब्लाइडच्या बाजूच्या रस्त्यांवर खड्डे आहेत.

गाडी भाड्याने घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. आपलं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत आणि फोटोसकट असतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. हजार रुपये, एक वर्ष चालतो. शेजारच्या मोझांबिक किंवा एस्वातिनीत (जुनं स्वाझीलँड) शिरायचा विचार असेल तर गाडी देणाऱ्या कंपनीचं पत्र आधीच मागून घ्या, सीमेवर जाऊन मागू नका.

उतरल्याबरोबर गाडी चालवणं

रात्रभर जागून, विमान बदलून जोहान्सबर्गला पोचायचं आणि लगेच चारशे किलोमीटर. नको. पहिली रात्र तिथेच काढा. वाटलं तर दुपारी एक राउंड खेळा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच आहे, हवा विरळ, चेंडू साधारण दहा टक्के लांब जातो. एक क्लब कमी, म्हणजे कमी अंतराची काठी, घ्यायची सवय होईपर्यंत ग्रीनच्या पलीकडे जात राहाल. खाली लोवेल्डमध्ये, म्हणजे क्रूगरच्या बाजूच्या सखल भागात, उतरलात की पुन्हा आपलं नेहमीचं अंतर.

अंधारात शहराबाहेर गाडी चालवायची नाही. गुरं, बकऱ्या, पायी चालणारी माणसं, बंद पडलेले ट्रक. क्रूगरजवळच्या हेझीव्ह्यू गावाहून उत्तरेकडे जाणारा आर ४० रस्ता तर गावागावातून जातो, स्पीडब्रेकर सतत. तिथल्या हिवाळ्यात सव्वापाचलाच सूर्य मावळतो, हे कार्यक्रमाच्या कागदावर वर लिहून ठेवा. चौकात चारही बाजूंना ‘स्टॉप’ असेल तर जो आधी आला तो आधी जातो, आणि तिथे हे सगळे पाळतात. आपणही पूर्ण थांबायचं.

ब्लाइडच्या बाजूला ग्रास्कोपजवळच्या ‘गॉड्स विंडो’ या कड्यावरच्या पॉइंटला सकाळी धुकं असेल तर तिथे तिष्ठत न बसता आधी बर्क्स लक पॉटहोल्स आणि थ्री रोंडाव्हल्स ही पुढची ठिकाणं करून परत या.

बाकीच्या, थोडक्यात

लेपर्ड क्रीकच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका. गॅरी प्लेअरने आखलेलं, मगरींच्या नदीकाठचं हे मैदान टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते खासगी आहे. सदस्याची ओळख नसेल तर हेझीव्ह्यूच्या साबी रिव्हर सनवर खेळा, पाणघोडे तिथेही आहेत.

शनिवारी आणि बुधवारी दुपारी बऱ्याच क्लबांत सदस्यांच्या स्पर्धा असतात. टी-टाइम आधी विचारा. नऊ होलनंतर हाफवे हाउसला, म्हणजे मैदानावरच्या खाण्याच्या जागी, थांबतात, तो वेळ धरा. शाकाहारी असाल तर तिथे बहुधा चीज-टोमॅटो सँडविचवर भागवावं लागतं. कॅम्पच्या झोपड्यांत स्वयंपाकाची सोय असते, तिथे भाजणी आणि तूरडाळ खूप कामाला येते. खाणं बाहेर ठेवू नका, माकडं नेतात. कुंपणापलीकडे येणाऱ्या तरसांना काहीही टाकू नका, फार लोक हे करतात आणि त्याची किंमत पुढे त्या जनावराला मोजावी लागते.

दिवाळीत गेलात तर उकाडा आणि दुपारची वादळं असतात. वीज कडाडायला लागली की मैदान सोडा. मे ते सप्टेंबर गवत उतरलेलं असतं, प्राणी पाणवठ्यांवर येतात. सकाळी उघड्या गाडीतून उद्यानाची फेरी घ्यायची असेल तर महाबळेश्वरच्या कपड्यांनी भागणार नाही, लोकरीची टोपी आणि हातमोजे घ्या. कॅम्पचं आरक्षण जवळजवळ वर्षभर आधी करा, तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत काहीच मिळत नाही.

तिथली भिंतीतली मोठी तीन पिन म्हणजे आपल्या गीझरचीच पिन. महागडा अडॅप्टर विमानतळावर घेऊ नका, गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

आणि मलेरिया. क्रूगरच्या भागात तो आहे, तिथल्या पावसाळी महिन्यांत, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, जास्त. गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा, पण घरी परतल्या दिवशी त्या बंद करू नका. डॉक्सीसायक्लिन परत आल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. नंतर काही आठवड्यांत ताप आला तर ‘इथलाच व्हायरल’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा की आफ्रिकेत जाऊन आलो आहे, आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.